कोऱ्या ओळींचा खजिना

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची आमच्या घरची रीत इंदुरात चार पिढ्या टिकून आहे. पणजोबा होळकरांच्या चाकरीसाठी नर्मदा ओलांडून आले तेव्हा कोकणातली तांबडी माती मागे राहिली आणि माळव्याची काळी माती हाती आली. ती वाळली की भेगाळते, म्हणून बुरूज पुरता बसेपर्यंत त्यावर ओले गोणपाट टाकून ठेवावे लागते, हे ज्ञान आमच्याकडे वंशपरंपरेने चालत आले आहे. गेल्या दिवाळीत महादरवाज्याशी, मावळ्यांच्या रांगेत, एक अपरिचित प्राणी उभा दिसला. धड अस्वलाचे आणि तोंड घुबडाचे.

"महाराजांच्या गडावर हे कोण?" आम्ही नातवास विचारले.

"आजोबा, हा आऊलबेअर. पहाऱ्याला ठेवलाय."

"आणि हा घडवला कोणी?"

"बूट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने," असे म्हणून तो तटाला पाणी मारण्यात गुंतला.

चौकशी करता हे उत्तर जवळजवळ शब्दशः खरे निघाले. नातू आणि त्याचे मित्र रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर बसून वह्या, नकाशे आणि विचित्र आकारांचे फासे घेऊन जे काही करतात, ते आम्ही आजवर 'परदेशी खूळ' या सदरात टाकून मोकळे झालो होतो. ज्या खेळात वस्तू, प्राणी, गावे आणि भुयारे आधी कोणीतरी मनात घडवावी लागतात, त्या खेळाचा इतिहास प्रत्यक्षात पुष्कळ जुना आणि बराच भांडणाचा आहे. तो आमच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. यात पट नसतो. असला तरी तो गौण. चार-सहा खेळाडू प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. भुयारात कोणती दालने आहेत, कोठे सापळा आहे, पेटीत काय दडले आहे, हे त्याला ठाऊक असते आणि इतरांना नसते. खेळाडू बोलून आपली कृती सांगतात, सूत्रधार परिणाम सांगतो, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. जिंकणे-हरणे असे काही नाही. एक डाव वर्षानुवर्षे चालू शकतो.

याचे मूळ युद्धखेळात आहे. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याच्यासाठी एक मेज तयार केले. डोंगर, नद्या आणि गावे दाखवणारे सुटे तुकडे मांडून त्यावर सैन्याच्या हालचाली करता येत. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये हा खेळ नकाशावर आणला व त्याचे नियम छापले. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे, आणि शत्रूचे जेवढे खरोखर दिसू शकेल तेवढेच तो प्रत्येकाला सांगे. आजच्या सूत्रधाराचा हा पूर्वज. इंग्लंडात १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून हाच नाद शिशाच्या शिपायांसह घराच्या जमिनीवर आणला. मधली वर्षे येथे सोडून देतो.

१९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील एक काल्पनिक जर्मन गाव मांडले आणि प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेक व्यक्ती दिली. 'ब्राउनस्टाइन' हे त्या गावाचे नाव. सगळे आपापल्या कारस्थानात शिरले, गोंधळ माजला, आणि आपला प्रयोग फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा हेच हवे म्हणून आग्रह धरला. त्यांच्यातच डेव्ह आर्नेसन होता, इतिहासाचा विद्यार्थी. त्याने १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नावाचा प्रदेश रचला, त्यातील गढीखाली अनेक मजल्यांचे भुयार खोदले, अर्थात कागदावर, आणि मित्रांना खाली उतरवले. एका बैठकीत कमावलेला अनुभव आणि हाती लागलेली संपत्ती पुढच्या बैठकीस कायम राही. पात्र 'मोठे' होत जाई. या एका युक्तीत सगळ्या पुढच्या इतिहासाचे बीज आहे असे आमचे मत झाले आहे.

गॅरी गायगॅक्स विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहान गावचा. शिकागोत विमा कंपनीत नोकरी होती, ती १९७० मध्ये गेली. त्यानंतर घरात यंत्र मांडून तो बूट दुरुस्त करू लागला आणि उरलेल्या वेळात, किंबहुना त्याहून अधिक वेळात, युद्धखेळांचे नियम लिहू लागला. जेफ पेरेनबरोबर त्याने १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे पुस्तक काढले. त्याच्या शेवटी मांत्रिक, राक्षस, उडते सर्प यांची पुरवणी होती. आर्नेसन १९७२ च्या अखेरीस लेक जिनिव्हास आला आणि त्याने ब्लॅकमूर खेळवून दाखवला. त्याची काही पानांची टिपणे गायगॅक्सने घेतली, त्यांवरून लांबलचक नियमावली लिहून काढली. छापायला पैसा नव्हता. डॉन के या बालमित्राने विम्याच्या पॉलिसीवर एक हजार डॉलर उचलले, पुढे ब्रायन ब्लूमने दोन हजार घातले, आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांची, लाकडी रेषांच्या तपकिरी कागदाने मढवलेली पेटी विक्रीस आली. किंमत दहा डॉलर. प्रती एक हजार, आणि त्या भागीदारांनी घरीच जुळवलेल्या. खपायला जवळजवळ वर्ष लागले.

आता वस्तूंकडे येऊ, कारण आमचे कुतूहल तेथे आहे.

तीन पुस्तिकांपैकी दुसरी प्राणी आणि खजिना यांना वाहिलेली होती. खजिना हा तेथे शोभेचा भाग नव्हता. भुयारातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे पात्राला अनुभवाचा एक गुण मिळे. तेव्हा द्रव्य हेच प्रगतीचे माप होते. ओझेदेखील नाण्यांत मोजत, दहा नाण्यांचा एक पौंड. म्हणजे खाली उतरणाऱ्या वीरापुढचा खरा पेच हमालाचा असे: सोने फार, पाठ एक. या व्यावहारिक अडचणीतून एक जादूची पिशवी निघाली, बाहेरून लहान आणि आत प्रशस्त. ही वस्तू कशी घडवली आहे ते पाहण्यासारखे आहे. तिच्यात माल ठराविक वजनापर्यंतच मावतो. धारदार काही ठेवले तर ती फाटते आणि आतले सर्व कायमचे जाते. याच कुळातील दुसरी वस्तू म्हणजे घडी घालून खिशात ठेवता येणारा खड्डा. तो या पिशवीत ठेवला तर विश्वाच्या कापडाला भोक पडून दोन्ही नाहीशी होतात. सामर्थ्य कोणालाही सुचते. मर्यादा, किंमत आणि खोड बसवणे हे कारागिराचे काम. आमच्या गोष्टीतल्या अक्षय्य थाळीलाही द्रौपदीचे जेवण होईपर्यंतचीच मुदत होती, हे वाचकांना आठवेल.

तलवारींची गंमत तर न्यारीच. पहिल्या नियमांपासून जादूच्या तलवारीला बुद्धी होती, सदसद्विवेकाचा एक पक्ष होता आणि अहंकारही होता, तिन्ही मोजमापांसह. धारकाची इच्छाशक्ती तिच्यापुढे कमी पडली तर तलवारच धन्याला चालवी. शस्त्राची ओवाळणी करणाऱ्या आपल्या घराण्यांतून ही कल्पना फारशी परकी वाटू नये.

प्राण्यांची उत्पत्ती अधिक गमतीची. गायगॅक्सच्या तळघरात वाळूचे मेज होते आणि त्यावर मांडायला राक्षसी प्राणी बाजारात मिळत नव्हते. त्याला स्वस्त वस्तूंच्या दुकानात हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यांची एक पिशवी मिळाली. त्यांतील प्राणी 'प्रागैतिहासिक' म्हणवले जात, पण प्राणिशास्त्रात बसतील असे त्यांतले काही नव्हते. एकाला घुबडाची चोच होती. तो १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आऊलबेअर झाला. दुसऱ्याच्या शेपटीला वल्ह्यासारखे पाते होते; तो लोखंड गंजवून खाणारा प्राणी ठरला. जखमेला न भिणारे चिलखतधारी वीर या प्राण्यापुढे पळ काढीत, कारण तो जीव घेत नसे, आयुष्यभराची कमाई गंजवून टाकी. तिसऱ्यापासून जमिनीखालून झेप घेणारा बुलेट नावाचा प्राणी टिम कास्कने १९७६ मध्ये लिहिला. हाँगकाँगच्या कोणत्या साचेकाराने ही चोच आणि ते पाते कल्पिले, त्याचे नाव या इतिहासात कोठेही येत नाही. आमच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याचा तोच खरा जनक, आणि नातवाच्या उत्तरात तेवढी दुरुस्ती करावी लागली.

फाशांचीही हीच कथा. आपल्या सारीपाटाच्या लांबट फाशाला चार बाजू, सोंगटीघरातील घनाकृती फाशाला सहा. या मंडळींना चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे हवे होते. ते कॅलिफोर्नियातील शालेय साहित्य विकणाऱ्या एका कंपनीकडे सापडले. मुलांना भूमितीतील नियमित घनाकृती शिकवण्यासाठी बनवलेले. प्लास्टिक इतके मऊ की महिन्याभरात कोपरे झिजून वीस बाजूंचा फासा गोटीसारखा घरंगळू लागे. पुढे मागणी एवढी वाढली की १९७९ च्या सुमारास काही पेट्यांत फासे घालता आले नाहीत. त्याऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या घातल्या गेल्या. त्या कापून पेल्यात टाकायच्या आणि डोळे मिटून उचलायच्या. भिशीची चिठ्ठी काढणाऱ्या आमच्या गृहिणींना हा विधी समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिल्या पुस्तिकांनी वाचकांना जवळजवळ बजावलेच होते की नियम अपुरे आहेत, उरलेले तुम्ही रचा. लोकांनी ते मनावर घेतले. जून १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' नावाचे नियतकालिक सुरू केले. प्रत्येक सभासद आपली पाने स्टेन्सिलवर टंकून पाठवी. त्यांत नव्या वस्तू, नवे प्राणी, नवे मंत्र, मागच्या अंकातील पानांवर टीका आणि टीकेला उत्तरे असत. ली गोल्ड ती पाने एकत्र बांधून सर्वांना पोचवीत. २०२५ मध्ये त्यांनी हे काम थांबवले तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती. सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटे काळी करून ज्यांनी आपल्या मंडळांची हस्तलिखिते आणि वार्तापत्रे चालवली, ज्यांना 'तुमची पाने अजून आली नाहीत' अशी पत्रे लिहावी लागली, त्यांनी या बाईंना मनोमन नमस्कार करावा. आम्ही केला.

मूळ मालकांना मात्र ही हौस नीट उमगली नव्हती. इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन हे १९७६ च्या उन्हाळ्यात लेक जिनिव्हास गेले आणि सूत्रधारांसाठी तयार नकाशे व गावे छापण्याची परवानगी त्यांनी मागितली. असले तयार साहित्य कोण विकत घेणार, प्रत्येक जण स्वतःचे रचतोच की, असा त्या वेळचा समज होता. परवानगी मिळाली. त्यांच्या 'जजेस गिल्ड'ने एका संपूर्ण शहराचा नकाशा काढला, गल्लीबोळ आणि दुकानांसह, आणि तो हातोहात गेला. १९७८ मध्ये मूळ कंपनीही तयार साहसे छापू लागली. मिशिगनमध्ये विद्यार्थिदशेत 'डंजनिअर' हे हौशी पत्र काढणाऱ्या जेनेल जॅक्वेज यांनी १९७९ मध्ये जजेस गिल्डसाठी लिहिलेल्या भुयारात आत शिरण्याच्या, वर-खाली जाण्याच्या आणि पुन्हा त्याच दालनात वेगळ्या दिशेने येण्याच्या इतक्या वाटा होत्या की त्या रचनेचा अभ्यास आजही होतो. त्या जानेवारी २०२४ मध्ये निवर्तल्या.

येथून भांडणास प्रारंभ होतो. घडवलेले कोणाचे?

चोराचे पात्र सांता मोनिका येथील खेळसाहित्याच्या दुकानात जमणाऱ्या टोळक्याने रचले होते. १९७४ मध्ये फोनवरून ती कल्पना गायगॅक्सच्या कानी गेली आणि पुढल्या वर्षी 'ग्रेहॉक'मध्ये त्याच्या रूपात छापून आली. १९७७ मध्ये टोल्किनच्या साहित्याचे हक्क असणाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा 'हॉबिट' हा शब्द जाऊन तेथे 'हाफलिंग' आला. प्राणी तेच, पाटी बदलली. सर्वांत कटू प्रकरण आर्नेसनचे. १९७७ ते १९७९ या काळात खेळाची नवी, 'प्रगत' आवृत्ती जाड पुठ्ठ्याच्या तीन ग्रंथांत निघाली. लेखक म्हणून नाव एकट्या गायगॅक्सचे, आणि हा वेगळाच खेळ असल्याने आर्नेसनला मानधन देणे लागत नाही अशी कंपनीची भूमिका. त्याने १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि त्याला हिस्सा मिळू लागला. आमचा कल आर्नेसनकडे आहे हे लपवत नाही. गायगॅक्सने खपून लिहिले, व्यवस्था लावली, भाषा दिली, हे सर्व मान्य. पण कीर्तनात आख्यान कोणी रंगवले यावरून अभंग कोणाचा हे ठरत नाही. दैव असे की १९८५ मध्ये गायगॅक्सच्याही हातून स्वतःच्या कंपनीची सूत्रे गेली. तो मार्च २००८ मध्ये गेला आणि आर्नेसन एप्रिल २००९ मध्ये.

या देवघेवीत आपलाही माल गेला आहे, तो विनापरवाना. १९७६ च्या एका पुरवणीत आणि पुन्हा १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथात जेम्स वॉर्ड व रॉबर्ट कुंट्झ यांनी जगभरची दैवते नियमांत बसवली. त्यांत इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, काली आहेत. वज्र घडवणारा त्वष्टाही आहे. प्रत्येकाला चिलखताचा अंक आणि प्राणाचे गुण दिलेले, म्हणजे तत्त्वतः पुरेसा बलवान वीर त्यांच्यावर वारही करू शकतो. वाचून प्रथम आमच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग लक्षात आले की त्या ग्रंथात ग्रीक आणि नॉर्स दैवतांचीही तीच गत आहे, पंक्तिप्रपंच नाही. राक्षसाची गोष्ट मात्र मजेची. १९७७ च्या प्राणिग्रंथात 'राक्षस' या नावाने जो दिसतो त्याला वाघाचे डोके आहे, अंगात उंची झगा आहे आणि तो निवांत चिलीम ओढतो आहे. तो मरतो पवित्र केलेल्या बाणाने. ही युक्ती वाल्मीकींची म्हणावी तर तशी नाही. ती आली १९७४ मधील 'कोलचॅक' या दूरदर्शन मालिकेच्या एका भागातून, ज्यात राक्षस समोरच्याच्या विश्वासातील माणसाचे रूप घेतो. मारीच आणि शूर्पणखा यांच्या देशातील रूप पालटण्याची विद्या तेवढी शिल्लक राहिली, हेही नसे थोडके.

ऐंशीच्या दशकात हा खेळ सैतानी आहे अशी ओरड अमेरिकेत झाली. तिच्यात अर्थ नव्हता. कंपनी १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. २००० मध्ये रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने एक खुला परवाना निघाला: मूळ नियमांचा गाभा कोणीही वापरावा, त्यावर आपल्या वस्तू, प्राणी, साहसे रचावी आणि विकावी. शेकडो लहान प्रकाशक त्यावर उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये या परवान्याचा नवा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द, साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नावर पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा, अशी त्यात कलमे होती. तेवीस वर्षे ज्या जमिनीवर घरे बांधली तिचा सातबारा फिरवण्याचाच हा प्रकार. खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की २७ जानेवारीस कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. तो आता परत घेता येत नाही. आऊलबेअरही त्या गाभ्यात आहे. तेव्हा आमच्या किल्ल्यावरील त्याचा मुक्काम कायदेशीर ठरतो.

नातवाने आम्हाला १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथातील काही पाने दाखवली. त्यांत थोर, एकमेवाद्वितीय वस्तूंची यादी आहे. पहिला मान वेक्ना नावाच्या मृत मांत्रिकाच्या हाताला आणि डोळ्याला. ब्रायन ब्लूमने १९७६ मध्ये कल्पिलेल्या या नावाची अक्षरे जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या आडनावाची, उलटसुलट केलेली. प्रत्येक वस्तूचा पूर्वेतिहास दिला आहे, कोणी घडवली, कोठे हरवली. पण तिच्यात कोणती शक्ती आहे हे छापलेले नाही. तेथे कोऱ्या ओळी सोडल्या आहेत. शेजारच्या कोष्टकांतून निवडून सूत्रधाराने त्या आपल्या हाताने भरायच्या, म्हणजे पुस्तक वाचलेल्या खेळाडूलाही गुपित कळू नये. छापील ग्रंथात मुद्दाम ठेवलेली अशी रिकामी जागा आम्ही पंचांगातील टिपणाच्या रकान्याखेरीज अन्यत्र पाहिली नव्हती.

परवा तो आमच्या खोलीत आला आणि त्याने फडताळातील पणजीचा पितळी अडकित्ता मागितला. त्याला तो वहीत उतरवायचा होता, चित्रासह. पूर्वेतिहास त्याने आम्हाला विचारून लिहून घेतला: राजापूरहून आला, खटल्याच्या खर्चासाठी दोनदा गहाण पडला, दोन्ही वेळा सोडवला, एक मोराची मान त्या धांदलीत तुटली. मर्यादाही त्यानेच घातली, दिवसातून तीन वेळा, आणि सुपारी संपली की बंद. मग पेन्सिल आमच्या हाती देऊन म्हणाला, "आजोबा, हा काय करतो ते तुम्ही लिहा." पानावर दोन ओळी कोऱ्या आहेत. पणजीच्या तोंडून त्या अडकित्त्याविषयी ऐकलेली माणसे आता आमच्या थोरल्या आत्यांखेरीज कोणी उरली नाहीत. त्या देवासला असतात. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन येणार आहोत.